झीझी टॉपचा ‘एलिमिनेटर’: नववा क्रमांक आणि एक कोटी प्रती

सुरुवातीला एक प्रश्न सोडवून पाहा. झीझी टॉप या अमेरिकन ब्लूज-रॉक बँडचे तीन अल्बम समोर ठेवू. १९७३ चा ‘ट्रेस ओम्ब्रेस’ बिलबोर्ड मासिकाच्या अल्बम-तक्त्यात ८ व्या क्रमांकापर्यंत चढला. १९८३ चा ‘एलिमिनेटर’ ९ व्या क्रमांकापर्यंत पोहोचला. १९८५ चा ‘आफ्टरबर्नर’ ४ थ्या क्रमांकापर्यंत गेला. या तिघांत सर्वाधिक खप कोणाचा?

आमच्याकडे ‘संगीत आणि तंत्रज्ञान’ या ऐच्छिक विषयाच्या पहिल्या तासाला मी हा प्रश्न फळ्यावर लिहितो. बहुतेक हात ‘आफ्टरबर्नर’साठी वर होतात. क्रमांक वरचा, म्हणजे खप जास्त, असा तो सरळ हिशेब असतो. प्रत्यक्षात ‘एलिमिनेटर’ला अमेरिकेत १ कोटी प्रतींचे प्रमाणपत्र आहे आणि ‘आफ्टरबर्नर’ला ५० लाखांचे. ‘ट्रेस ओम्ब्रेस’ क्रमांकाने ‘एलिमिनेटर’च्या एक पायरी वर असूनही खपात त्याच्या आसपासही नाही.

हे असे का होते, हे समजून घेणे हा या टिपणाचा मुख्य हेतू आहे. त्यासाठी आधी हा अल्बम काय आहे आणि तो कसा तयार झाला, ते पाहावे लागेल. या १ कोटीच्या आकड्याआड एक माणूसही आहे. त्याचे नाव अल्बमच्या वेष्टनावर नव्हते. त्याच्याकडेही आपण येणार आहोत.

ब्लूज-रॉक, थोडक्यात

ब्लूज हे अमेरिकेच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीय समाजाचे संगीत. त्याचा सर्वांत परिचित आराखडा बारा बारांचा असतो. प्रत्येक बारात चार मात्रा, एकूण अठ्ठेचाळीस मात्रा आणि फक्त तीन मुख्य कॉर्ड. तुम्ही तबला किंवा पखवाज ऐकत असाल तर याला आवर्तन समजायला हरकत नाही. बारा बार संपले की पुन्हा पहिल्या कॉर्डवर, आपल्या भाषेत समेवर, यायचे. तुलना इथेच थांबवा, कारण ब्लूजमध्ये आवर्तनाची ओळख ठेक्याच्या बोलांनी होत नाही, कॉर्डच्या क्रमाने होते.

दुसरी गोष्ट म्हणजे शफल. एका ठोक्याचे तीन सारखे भाग करा आणि त्यातला पहिला व तिसराच वाजवा. चालताना एक पाय किंचित ओढत टाकल्यासारखी लय निर्माण होते. टेक्सासमधल्या ब्लूजमध्ये ही झुलती लय मुरलेली आहे. लाइटनिन हॉपकिन्स आणि फ्रेडी किंग हे तिथले दोन मोठे वादक. १९६० च्या दशकात इंग्लंडमधील क्रीमसारख्या बँडनी हेच साहित्य मोठ्या आवाजाच्या विजेच्या गिटारवर आणले आणि त्याला ब्लूज-रॉक हे नाव रूढ झाले.

झीझी टॉप हा बँड १९६९ मध्ये टेक्सासमधील ह्यूस्टन शहरात स्थापन झाला. गिटार आणि गायनाला बिली गिबन्स, बास आणि गायनाला डस्टी हिल, ड्रमवर फ्रँक बिअर्ड. हे तिघे १९७० पासून एकत्र होते आणि २०२१ मध्ये हिल यांच्या निधनापर्यंत ही रचना बदलली नाही. गिबन्स आणि हिल यांच्या छातीपर्यंत लोंबणाऱ्या दाढ्या जगप्रसिद्ध झाल्या. ज्यांच्या आडनावाचा अर्थच दाढी होतो, ते बिअर्ड मात्र मिशीवर समाधानी राहिले.

१९७६-७७ च्या दौऱ्यात या मंडळींनी टेक्सासच्या नकाशाच्या आकाराचे व्यासपीठ उभारले. त्यावर लांब शिंगांचा बैल, गवा, गिधाडे आणि खुळखुळ्या साप अशी जिवंत जनावरेही नेली. दौऱ्यानंतर त्यांनी मोठी विश्रांती घेतली आणि परतल्यावर वॉर्नर ब्रदर्स कंपनीकडे ‘देग्वेयो’ (१९७९) आणि ‘एल लोको’ (१९८१) हे अल्बम केले. तक्त्यातले क्रमांक अनुक्रमे २४ आणि १७. म्हणजे १९८२ साली हा बँड प्रतिष्ठित होता, पण त्याचे सर्वोत्तम दिवस मागे पडले आहेत, असे कोणालाही वाटले असते.

ठोका मोजणारे यंत्र

याच काळात दोन नव्या वस्तू स्टुडिओत आल्या. एक सिंथेसायझर. त्याची चुणूक ‘एल लोको’मध्येच दिसली होती. दुसरी ड्रम मशीन. आधीच्या ताल-यंत्रांतले आवाज विजेच्या मंडलांतून कृत्रिमरीत्या तयार केले जात आणि ते तसेच ऐकू येत. १९८० मध्ये रॉजर लिन यांच्या एलएम-१ या यंत्राने हे चित्र पालटले. त्यात खऱ्या ड्रमच्या आवाजाचे ८ बिटांचे डिजिटल नमुने स्मृतीत साठवलेले होते. कळ दाबली की साठवलेला खरा आवाज वाजायचा, तोही घड्याळाच्या ठोक्यावर. पाठोपाठ ओबरहाइम कंपनीचे डीएमएक्स आले. इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको की सॅम्पलिंग, मेमरी आणि स्थिर क्लॉक या तुमच्या पहिल्या दोन वर्षांतल्या तीनच कल्पनांवर हे यंत्र उभे आहे.

बिअर्ड यांच्या ह्यूस्टनजवळच्या घरी लिंडन हडसन नावाचे एक ध्वनितंत्रज्ञ राहत होते. त्यांनी तिथे छोटा स्टुडिओ उभारायला मदत केली, आणि सुरुवातीच्या गाण्यांचे कच्चे ध्वनिमुद्रण गिबन्स व हडसन यांनी तिथे केले. हडसन यांनी नंतर सांगितलेल्या हकिकतीनुसार, त्यांनी लोकप्रिय गाण्यांच्या गती मोजल्या आणि मिनिटाला १२० ठोक्यांच्या आसपास बरीच यशस्वी गाणी दाटलेली आहेत, हे गिबन्स यांच्या नजरेस आणले. त्याच पट्ट्यात गाणी बांधावीत असे ठरले. आज तुम्ही ‘एलिमिनेटर’ लावून मोजलेत तर ‘गिमी ऑल युअर लव्हिन’, ‘शार्प ड्रेस्ड मॅन’ आणि ‘लेग्ज’ ही तिन्ही गाणी १२० ते १२५ च्या दरम्यान सापडतील.

ही संख्या एवढी सोयीची का, ते पाहा. मिनिटाला १२० म्हणजे सेकंदाला दोन ठोके. एका ठोक्याला ०.५ सेकंद, चार मात्रांच्या बाराला २ सेकंद, बारा बारांच्या आवर्तनाला २४ सेकंद. अमेरिकन सैन्याच्या नेहमीच्या संचलनाची गतीही मिनिटाला १२० पावले हीच आहे. डिस्कोची गाणीही याच शेजारात असत, त्यामुळे नृत्यगृहात आधीचे गाणे संपता संपता हे गाणे मिसळणे सोपे जाई.

इथे मला संख्याशास्त्राच्या बाजूने एक शंका नोंदवायची आहे. फक्त यशस्वी गाणी मोजून ‘१२० ला यश मिळते’ असे म्हणता येत नाही. पडलेली गाणीही मोजायला हवीत. ती गाणीही बहुतांशी १२० चीच निघाली तर त्या मोजणीचा अर्थ इतकाच की त्या काळात बहुतेक लोक त्याच गतीत गाणी करत होते. परीक्षेत नापास झालेल्यांना न विचारता केवळ पहिल्या दहांच्या सवयी छापणाऱ्या क्लासच्या जाहिराती आठवा. चूक तीच आहे. तरीही या मोजणीने एक काम निश्चित केले. तिने तीन मुरलेल्या ब्लूज वादकांना एका ठाम, न हलणाऱ्या गतीला बांधून घेण्याचे धैर्य दिले.

आणि हे धैर्यच होते. ब्लूज वादकाची ओळख त्याच्या लयीच्या किंचित सैलपणात असते. ड्रमर काही मिलिसेकंद मागे रेंगाळतो, गिटार थोडी पुढे धावते, आणि या ओढाताणीत गाण्याचा जीव असतो. यंत्र रेंगाळत नाही. ‘एलिमिनेटर’मध्ये झुलत्या शफलची जागा बहुतेक ठिकाणी सरळ, सारख्या तुकड्यांच्या ठोक्याने घेतली. त्याखाली सिंथेसायझरचा बास सारखा धडधडत राहतो. वर मात्र गिबन्स यांची खरखरीत गिटार आहे, आणि ती पूर्वीसारखीच यंत्राच्या ठोक्याला वाकुल्या दाखवत मागेपुढे होते. माझ्या मते अल्बमची खरी गंमत या दोन थरांतल्या विरोधात आहे. खालचा थर घड्याळाचा, वरचा माणसाचा. ‘आय नीड यू टुनाइट’ हे संथ गाणे ऐका. यंत्रांच्या गर्दीतही या मंडळींना जुने ब्लूज विसरायचे नव्हते, हे तिथे कळते.

पुढचे काम टेनेसी राज्यातल्या मेम्फिस येथील आर्डेंट स्टुडिओत झाले. ध्वनिमुद्रण टेरी मॅनिंग यांचे. लेड झेपेलिनच्या तिसऱ्या अल्बमवर काम केलेले तेच हे मॅनिंग. निर्माता म्हणून नाव बँडचे व्यवस्थापक बिल हॅम यांचे. २३ मार्च १९८३ रोजी अकरा गाण्यांचा हा अल्बम बाजारात आला.

लाल मोटार

एमटीव्ही ही वाहिनी १ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झाली. चोवीस तास गाण्यांच्या चित्रफिती दाखवायच्या होत्या आणि चित्रफिती मात्र मोजक्याच होत्या. ज्यांच्याकडे बरी चित्रफीत असेल त्यांना ती दिवसातून अनेकदा, तीही घराघरांत, दिसण्याची संधी होती. १९४९ मध्ये जन्मलेले, तिशी ओलांडलेले तीन टेक्सासवासी या वाहिनीच्या तरुण प्रेक्षकांना भावतील असे कोणाला वाटले असेल? पण दाढी आणि काळा चष्मा लावलेल्या माणसाचे वय ओळखता येत नाही, हा फायदा बहुधा पुढे लक्षात आला.

टिम न्यूमन यांनी दिग्दर्शित केलेल्या तीन चित्रफिती म्हणजे एकाच गोष्टीचे तीन भाग आहेत. पहिल्यात पेट्रोल पंपावर काम करणारा मुलगा, दुसऱ्यात हॉटेलच्या दारात गाड्या लावणारा, तिसऱ्यात चपलांच्या दुकानातली दबलेली विक्रेती. तिघेही कष्टकरी, तिघांनाही कोणी विचारत नाही. मग लाल रंगाची १९३३ च्या फोर्डची सुधारून बांधलेली मोटार येते, तीन तरुणी उतरतात, किल्ली हातात पडते आणि त्या व्यक्तीचे दिवस फिरतात. बँड स्वतः नायक होत नाही. तो रस्त्याकडेला देवदूतासारखा उभा राहतो, हाताने एक ठरावीक खूण करतो आणि नाहीसा होतो. आज पाहताना त्या तरुणींचे चित्रण खटकते. त्यांना ना नाव आहे ना स्वतःची गोष्ट, कॅमेरा त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहतो तीही आपल्याला आज रुचणार नाही. हे बोलून दाखवायलाच हवे. पण त्याच वेळी हेही दिसते की मध्यवर्ती पात्र दरवेळी एखाद्या हलक्या मानल्या गेलेल्या नोकरीतले आहे, आणि प्रेक्षक त्याच्या बाजूने उभा राहतो.

१९८४ च्या पहिल्या एमटीव्ही पुरस्कारांत ‘लेग्ज’ला सर्वोत्तम समूह चित्रफितीचा, तर ‘शार्प ड्रेस्ड मॅन’साठी न्यूमन यांना दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. तीच मोटार अल्बमच्या मुखपृष्ठावरही होती. दुकानात गेलेल्या मुलाला बँडचे नाव आठवले नाही तरी चालत होते, लाल गाडी दिसली की पुरे. मी स्वतः या बँडला पहिल्यांदा ओळखले ते नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, वसतिगृहातल्या एका मित्राच्या कॅसेटच्या झिजलेल्या मुखपृष्ठावरच्या याच गाडीमुळे. कॅसेट ऐकायला मिळाली त्यानंतर महिनाभराने.

दोन आकडे, दोन वेगळ्या मोजण्या

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. तक्त्यातला क्रमांक आणि एकूण खप हे एकाच गोष्टीचे दोन आकडे नाहीत.

क्रमांक ही एका आठवड्यातली तुलना असते. त्या आठवड्यात इतर कोण बाजारात आहे यावर तो ठरतो. ‘एलिमिनेटर’ आला तेव्हा मायकल जॅक्सनचा ‘थ्रिलर’ बाजारात होता. हा अल्बम १९८३-८४ मध्ये एकूण ३७ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला. पोलीस या बँडचा ‘सिंक्रोनिसिटी’ १७ आठवडे पहिला होता. वरच्या जागा इतक्या काळ अडलेल्या असताना नववा क्रमांक म्हणजे काय, हे त्या संदर्भातच वाचले पाहिजे.

शिवाय तेव्हा क्रमांक ठरवण्याची रीतही आजच्यासारखी नव्हती. मासिकाचे लोक निवडक दुकानांकडून माहिती मागवत. दुकानदार काय जास्त जाते आहे याची उतरती यादी सांगत. नेमक्या किती प्रती गेल्या, हा प्रश्न त्यात नसे. मे १९९१ पासून बारकोड वाचून झालेल्या प्रत्यक्ष विक्रीचे आकडे वापरायला सुरुवात झाली आणि तक्त्याचा चेहरा एका फटक्यात बदलला. कंट्री, हेवी मेटल आणि रॅपचे अल्बम आधी दिसत होते त्यापेक्षा बरेच वर दिसू लागले. म्हणजे १९८३ चा नववा क्रमांक हे मोजमाप कमी आणि अंदाज जास्त होता.

खपाचे प्रमाणपत्र अमेरिकेतील ध्वनिमुद्रण उद्योगाची संघटना, आरआयएए, देते. ५ लाखांना गोल्ड, १० लाखांना प्लॅटिनम. १ कोटी प्रतींसाठी डायमंड ही श्रेणी १९९९ मध्ये सुरू झाली आणि ‘एलिमिनेटर’ त्या यादीत आहे. पण इथेही सावध राहा. प्रमाणपत्र आपोआप मिळत नाही, कंपनीने अर्ज करून हिशेब तपासून घ्यावा लागतो. आणि त्या काळात मोजल्या जात त्या दुकानांकडे पाठवलेल्या प्रती, परत आलेल्या वजा करून. ग्राहकाच्या हाती पडलेली प्रत्येक प्रत नव्हे. एखाद्या कंपनीने अर्जच केला नाही तर अल्बम कागदावर मागे राहतो.

या दोन मोजण्यांतला फरक एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, ‘अ’ अल्बम पहिल्या आठवड्यात २ लाख खपला आणि पुढे दर आठवड्याला खप निम्मा होत गेला. २ लाख, १ लाख, ५० हजार, अशी भूमिती श्रेणी. तिची बेरीज कितीही आठवडे चालवली तरी ४ लाखांच्या पुढे जात नाही. ‘ब’ अल्बम दर आठवड्याला फक्त ४० हजार खपतो, पण १०० आठवडे खपत राहतो. त्याची बेरीज ४० लाख. पहिल्या आठवड्याच्या तक्त्यात ‘अ’ सर्वांच्या वर, ‘ब’ कुठेतरी खाली. आलेख काढलात तर क्रमांकाचा संबंध वक्राच्या शिखराशी येतो आणि खपाचा वक्राखालच्या क्षेत्रफळाशी. समाकलन कुठे वापरायचे असे विचारणाऱ्यांनी हे उदाहरण वहीत लिहून ठेवावे.

प्रत्यक्षातही अशी उदाहरणे आहेत. क्वाएट रायट या बँडचा ‘मेटल हेल्थ’ नोव्हेंबर १९८३ मध्ये एक आठवडा पहिल्या क्रमांकावर होता. त्याचे प्रमाणपत्र ६० लाखांचे आहे. ‘एलिमिनेटर’ कधीही पहिल्या पाचांत आला नाही आणि तरीही पुढे गेला.

मग त्याचा वक्र इतका लांब का पसरला? याचे उत्तर एकेरी गाण्यांच्या वेळापत्रकात आहे. ‘गिमी ऑल युअर लव्हिन’ अमेरिकेच्या एकेरी गाण्यांच्या तक्त्यात ३७ व्या, ‘शार्प ड्रेस्ड मॅन’ ५६ व्या क्रमांकापर्यंत गेले. हे आकडे सामान्य आहेत. मात्र रॉक वाजवणाऱ्या रेडिओ केंद्रांवर आणि एमटीव्हीवर ती सतत वाजत होती. मग अल्बम येऊन वर्ष उलटल्यावर, १९८४ च्या उन्हाळ्यात, ‘लेग्ज’ आले आणि ८ व्या क्रमांकावर पोहोचले. एकेरी आवृत्तीत सिंथेसायझर आणखी ठळक केला होता. साधारणपणे वर्षभरात अल्बम दुकानाच्या मागच्या फळीवर जातो. इथे मात्र जुना अल्बम पुन्हा समोर मांडला गेला. ब्रिटनमध्ये ‘गिमी ऑल युअर लव्हिन’ १९८४ मध्ये पुन्हा प्रसिद्ध करण्यात आले तेव्हा १० व्या क्रमांकावर गेले, आणि तिथल्या अल्बम-तक्त्यात ‘एलिमिनेटर’ ३ ऱ्या क्रमांकापर्यंत चढला.

आमच्या विषयाच्या भाषेत सांगायचे तर विझत जाणाऱ्या प्रणालीला दर काही महिन्यांनी नवा आवेग मिळत होता. पहिल्याचा परिणाम पूर्ण ओसरण्याआधी दुसरा. ‘आफ्टरबर्नर’च्या वेळी परिस्थिती उलटी होती. त्याची वाट पाहणारे लाखो लोक आधीच तयार होते. त्यांनी तो पटापट घेतला, म्हणून शिखर उंच. पण नव्याने सामील होणारे कमी उरले होते. त्यात सिंथेसायझरचा भर आणखी वाढवला होता, आणि गिटार व यंत्र यांच्यातला तो विरोध फिका पडला होता. हे दुसरे कारण माझे मत आहे, आकड्यांतून सिद्ध होणारे नाही. १९९० च्या ‘रिसायकलर’ला ६ वा क्रमांक मिळाला, खप आणखी घटला, आणि त्यानंतर बँड हळूहळू जुन्या, कमी सजवलेल्या आवाजाकडे वळला.

वेष्टनावर नसलेले नाव

अल्बमवर गीतकार-संगीतकार म्हणून गिबन्स, हिल आणि बिअर्ड अशी तीन नावे होती. निर्माता हॅम, ध्वनितंत्रज्ञ मॅनिंग. लिंडन हडसन यांचा उल्लेख नव्हता.

हडसन यांनी दावा लावला. ‘थग’ या गाण्याचा स्वामित्वहक्क आपला असल्याचे त्यांनी दाखवून दिले, आणि १९८६ मध्ये बँडने त्यांना ६ लाख डॉलर दिले. बँडचे माजी मंच-व्यवस्थापक डेव्हिड ब्लेनी यांनी १९९४ मधल्या आपल्या पुस्तकात हडसन यांचा वाटा एका गाण्यापुरता नव्हता, असे लिहिले आहे. अंतिम ध्वनिमुद्रणात कोणते वाद्य कोणी वाजवले, ड्रम किती माणसाचे आणि किती यंत्राचे, याबद्दलही त्या खोलीत असलेल्यांच्या आठवणी एकमेकींशी जुळत नाहीत.

तुमच्यापैकी अनेकजण उद्या अशाच जागी असाल. गाणे तुमचे नसेल, पण ते उभे राहते ती यंत्रणा तुमची असेल. गती सुचवणे ही रचना आहे का? ड्रम मशीनवर ठेका बसवणे म्हणजे वाद्य वाजवणे की उपकरण चालवणे? स्वामित्वहक्काचा कायदा सुरावट आणि शब्द यांना सहज ओळखतो. ठेका, गती, आवाजाचा पोत यांच्यापाशी तो अडखळतो, आणि १९८३ नंतरच्या लोकप्रिय संगीतात बरेचसे काम नेमके तिथेच होते. हडसन यांना पैसे मिळाले ते एका स्वतंत्र गाण्यासाठी. १२० ठोक्यांच्या कल्पनेसाठी कोणतेही न्यायालय कोणाला काही देऊ शकले नसते, आणि मला वाटते की ते योग्यच आहे, कारण गती ही कोणाची मालमत्ता होऊ शकत नाही. पण पैसे देणे वेगळे आणि नाव छापणे वेगळे. वेष्टनावरची एक ओळ फुकट असते. प्रकल्प अहवालाच्या पहिल्या पानावर प्रयोगशाळा साहाय्यकाचे नाव घालायला विसरणाऱ्या प्रत्येक गटाला मी हे सांगतो आणि अहवाल परत पाठवतो.

करून पाहा

मोबाइलवर गती मोजणारे कोणतेही मोफत अॅप घ्या. ‘ट्रेस ओम्ब्रेस’मधले ‘ला ग्रांज’ लावा. सुरुवातीच्या वीस सेकंदांत, मध्यावर आणि शेवटी अशा तीन ठिकाणी बोटाने ठोके देऊन गती नोंदवा. मग ‘शार्प ड्रेस्ड मॅन’साठी तेच करा. प्रत्येक गाण्याच्या तीन नोंदींतला फरक काढा. वर्गातल्या पाच जणांच्या नोंदी एकत्र करा, म्हणजे बोटाची चूक किती आणि गाण्यातला खरा चढउतार किती, हे वेगळे करता येईल. तक्ता तयार झाला की खाली ज्यांनी ठोके दिले त्या पाचही जणांची नावे लिहा.